स्वित्झर्लंडच्या भाषा आणि बोली: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी बारा वर्षांपासून झ्युरिक कँटनात (कँटन म्हणजे इथलं घटकराज्य) राहते. मूळ गाव कणकवलीजवळ, घरची बोली मालवणी, शाळा-कॉलेज पुण्यात. नोकरीसाठी इकडे येणारी मराठी मुलंमुली, मुलांना इथल्या शाळेत घालणारे आईवडील आणि मे-जूनमध्ये बर्फ बघायला येणारे नातेवाईक मला भाषेबद्दल जे पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तो विषय मला फार जवळचा आहे.

'स्विस' नावाची भाषा आहे का?

नाही. राज्यघटनेनुसार इथे चार राष्ट्रभाषा आहेत: जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि रोमांश. देशाची लोकसंख्या सुमारे ९० लाख. त्यातले साधारण ६२ टक्के लोक जर्मन किंवा स्विस जर्मन, २३ टक्के फ्रेंच, ८ टक्के इटालियन आणि जेमतेम अर्धा टक्का रोमांश ही आपली मुख्य भाषा सांगतात. पोर्तुगीज, अल्बेनियन, इंग्रजी अशा बाहेरून आलेल्या भाषा बोलणारे मिळून रोमांशच्या कितीतरी पट आहेत.

देशाच्या नावाचंही तसंच. जर्मनमध्ये श्वाइत्स, फ्रेंचमध्ये स्विस, इटालियनमध्ये झ्वित्सेरा, रोमांशमध्ये झ्वित्स्रा. गाड्यांवर आणि वेबसाइटच्या पत्त्यात दिसणारी 'सीएच' ही अक्षरं 'कॉन्फोएदेरात्सिओ हेल्वेतिका' या लॅटिन नावाची आहेत. चौघांपैकी एकीचं नाव घेण्यापेक्षा कुणाचीच नसलेली लॅटिन सगळ्यांना चालते. टपाल तिकिटांवरही 'हेल्वेत्सिआ' एवढंच असतं. नोटांवर मात्र बँकेचं नाव चारही भाषांत छापलेलं असतं.

म्हणजे प्रत्येक स्विस माणसाला चारही भाषा येतात?

हा सगळ्यांत मोठा गैरसमज. देश चार भाषांचा आहे, पण गावं बहुतेक एकेका भाषेची. २६ कँटनांपैकी १७ जर्मन, ४ फ्रेंच (जिनिव्हा, व्हो, न्यूशातेल, ज्युरा) आणि एक इटालियन (तिचिनो). बर्न, फ्रिबूर आणि वाले हे द्विभाषिक, आणि ग्राउब्युंडेन एकटा त्रिभाषिक: जर्मन, रोमांश, इटालियन.

ज्या जागेची जी भाषा, तिथे तीच चालणार, हा इथला मूळ नियम. झ्युरिकचं जर्मन कुटुंब लोझानला राहायला गेलं, तर त्यांची मुलं सरकारी शाळेत फ्रेंचमधूनच शिकतील. माणसाच्या भाषेपेक्षा जमिनीची भाषा मोठी. सुरुवातीला मला हे कठोर वाटलं होतं. आता वाटतं, हा नियम नसता तर ८ टक्क्यांची इटालियन ६२ टक्क्यांच्या जर्मनपुढे टिकली नसती.

खरी द्विभाषिक गावं पाहायची असतील तर बील किंवा फ्रिबूर गाठा. बीलचं अधिकृत नावच 'बील/बिएन' असं जोडीनं लिहितात आणि रस्त्यांच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात.

जर्मनची बी-वन (मधल्या पातळीची) परीक्षा चांगल्या गुणांनी पास झालो. झ्युरिकला उतरल्यावर एक अक्षर कळत नाही. माझं काय चुकलं?

काहीच नाही. तुम्ही शिकलात ती प्रमाण जर्मन. इथले लोक ती वाचतात, लिहितात, शाळेत शिकतात आणि बातम्यांमध्ये ऐकतात. बोलतात मात्र श्वीत्सरड्यूच, म्हणजे स्विस जर्मन. दोन्हींतलं अंतर पुणेरी आणि नागपुरी मराठीपेक्षा बरंच जास्त आहे. खुद्द जर्मनीतून, हॅम्बुर्ग-बर्लिनकडून आलेल्या माणसालाही पहिले काही महिने समजायला जड जातं.

कान सुरुवातीला कुठे अडतो ते सांगते. शब्दाच्या सुरुवातीचा 'क' इथे घशातून घासत 'ख' होतो. प्रमाण जर्मनमध्ये मूल म्हणजे 'किंड', झ्युरिकमध्ये ते 'खिंड' ऐकू येतं. शेजारीण 'माझी खिंड, माझी खिंड' असं काय म्हणते, हे मला पहिल्या महिन्यात कळतच नव्हतं. मला सारखी पावनखिंड आठवायची. स्वयंपाकघरातल्या फडताळाला 'खुखीखॅश्तली' म्हणतात. नव्या माणसाकडून हा शब्द म्हणवून घेणं हा इथला जुना खेळ आहे आणि आपण मराठी लोक त्यात बऱ्यापैकी पास होतो.

स्वरही वेगळे. घर 'हाउस' नाही, 'हूस'. वेळ 'त्साइट' नाही, 'त्सीत'. वस्तू लहान किंवा लाडकी असली की शेवटी 'ली' लागतो. साधा भूतकाळ बोलीत जवळजवळ नाहीच. 'मी होतो' हे 'इख वार' असं न म्हणता 'बी ग्सी' असं म्हणतात. शिवाय फ्रेंच शब्द भरपूर: सायकल म्हणजे 'वेलो', फुटपाथ म्हणजे 'त्रोत्वार', आणि धन्यवाद देताना 'मेर्सी'. नऊच्या सुमाराचा नाश्ता 'त्स्न्यूनी', चारचं खाणं 'त्स्फिएरी'. नऊ आणि चार हे आकडेच त्या शब्दांत आहेत.

सहा महिने द्या. समोरच्याला 'कृपया प्रमाण जर्मनमध्ये बोला' असं सांगायला लाजू नका, बहुतेक जण बोलतात. पण रोज तेवढ्यावर भागवलंत तर कान तयार होणार नाही.

मग स्विस जर्मन म्हणजे अशुद्ध जर्मन ना?

हा प्रश्न आला की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

अजिबात नाही. ही अलेमानिक, म्हणजे नैऋत्येकडच्या जर्मन बोलींच्या कुळातली, स्वतःचं व्याकरण असलेली भाषा आहे. 'हूस' आणि 'त्सीत' हे बिघडलेले उच्चार नाहीत, ते जुने उच्चार आहेत. मध्ययुगातल्या जर्मनमध्ये ते असेच लांब होते. पुढे प्रमाण जर्मनमध्ये 'ऊ'चा 'आउ' आणि 'ई'चा 'आइ' झाला, इकडे झाला नाही. बिघडलं म्हणायचंच असेल तर कोण बिघडलं ते तुम्हीच ठरवा.

मला सगळ्यांत जास्त हलवून गेलेली गोष्ट वेगळीच आहे. इथे बोली सगळ्यांची आहे. विद्यापीठातला प्राध्यापक, बँकेचा संचालक, गोठ्यातला शेतकरी आणि सरकारी मंत्री, सगळे घरात आणि दारात बोलीतच बोलतात. शस्त्रक्रियेआधी डॉक्टर रुग्णाला बोलीत समजावतो. रेडिओवर राजकारणाच्या मुलाखती बोलीत होतात. बोली बोलणारा माणूस अडाणी असेल, असं कुणाच्या मनातही येत नाही.

मी दहा वर्षांची असताना पुण्याच्या शाळेत 'माका व्हया' म्हणाले आणि सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. त्या दिवसापासून मी घराबाहेर मालवणी बोलले नाही, आणि हळूहळू घरातही कमी झाली. आजी 'गो बाय, आपल्या भाषेत बोल मगो' म्हणायची आणि मी प्रमाण मराठीत उत्तर द्यायचे. वऱ्हाडी, अहिराणी, झाडीबोली बोलणाऱ्या कितीतरी मित्रमैत्रिणींची हीच कहाणी आहे. म्हणून झ्युरिकच्या ट्राममध्ये सुटाबुटातला माणूस फोनवर गावच्या बोलीत मोठ्यानं बोलताना ऐकला, तेव्हा मला रडू आलं होतं. ते त्या भाषेसाठी नव्हतं. आजीसाठी होतं.

बोलीला हा मान आपोआप मिळालेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शहरांत प्रमाण जर्मनचं वजन वाढत होतं आणि बोली मरेल अशी भीती जाणकारांना होती. १९३० च्या दशकात शेजारी नाझी सत्ता आली. 'जर्मन बोलणारे सगळे एक' असं ती म्हणू लागली, तेव्हा 'आम्ही ते नव्हे' हे सांगायला लोकांच्या तोंडात बोली होतीच. तिथून तिचं पारडं जड झालं ते आजपर्यंत.

स्विस जर्मन एकच आहे का?

नाही, आपल्याकडे म्हणतात तशी दर बारा कोसांवर बदलते. झ्युरिकमध्ये नमस्कार 'ग्रुएत्सी', बर्नमध्ये 'ग्रुएसेख'. दुधाला झ्युरिककर 'मिल्ख' म्हणतो, बर्नकर 'ल' गिळून 'मिउख'. बाझलमध्ये 'क'चा 'ख' होत नाही, तिथलं मूल 'किंड'च राहतं. सफरचंद खाऊन उरलेल्या मधल्या भागाला इतके वेगवेगळे शब्द आहेत, की तो एक शब्द ऐकून माणूस कुठला ते लोक ओळखतात.

सगळ्यांत अवघड म्हणजे वाले कँटनच्या वरच्या खोऱ्यांतली जर्मन. ती ऐकताना झ्युरिकचे लोकही कपाळाला आठ्या घालतात. तेराव्या शतकापासून तिथले काही लोक डोंगर ओलांडून पूर्वेकडे गेले आणि उंचावर वस्त्या करून राहिले. त्यांना 'वाल्सर' म्हणतात. दावोसला त्यांच्याच बोलीचा वारसा आहे. इटालियन तिचिनोमध्ये बोस्को गुरिन नावाचं एकच जर्मन गाव आहे, तेही त्यांचंच. आणि देशाच्या पूर्व टोकाला साम्नाऊनमध्ये मात्र अलेमानिक नाही, पलीकडच्या ऑस्ट्रियातल्या टिरोलसारखी बव्हेरियन वळणाची बोली चालते.

या सगळ्या बोलींचा एक प्रचंड शब्दकोश आहे, 'इडिओटिकोन' नावाचा. शब्द गोळा करायला १८६२ मध्ये सुरुवात झाली, पहिला भाग १८८१ मध्ये छापला गेला, आणि आज काम सतराव्या खंडावर आलं आहे. पिढ्यान् पिढ्या माणसं एका कामाला बसली आहेत. मालवणीसाठी असं काही व्हावं, ही माझी मनापासूनची इच्छा आहे.

बोलीत लिहितात का?

कार्यालयीन पत्र, वर्तमानपत्र, कायदा, पाठ्यपुस्तक, सगळं प्रमाण जर्मनमध्ये. त्यातही थोडा स्विस फरक आहे: जर्मनीत दोन 'एस'साठी वापरतात ते खास अक्षर इथे वापरतच नाहीत. मोबाइलवर मात्र तरुण मंडळी सर्रास बोलीत लिहितात. बोलीच्या लेखनाची पद्धत १९३८ मध्ये मांडली गेली होती, पण रोजच्या लिहिण्यात ती कुणी पाळत नाही. जसं कानाला येईल तसं लिहायचं. एकाच शब्दाची पाच रूपं दिसली तर घाबरू नका.

फ्रेंच भागातही अशीच बोली आहे का?

आता जवळजवळ नाही, आणि ही दुःखाची गोष्ट आहे.

जिनिव्हा-लोझानची आजची फ्रेंच पॅरिसच्या फ्रेंचच्या खूप जवळची आहे. फरक आकड्यांत लगेच दिसतो. फ्रान्समध्ये ७० म्हणजे 'साठ-दहा', ८० म्हणजे 'चार-वीस' आणि ९० म्हणजे 'चार-वीस-दहा'. आपल्या म्हाताऱ्या बायका 'चार विसा नि दहा' असं मोजायच्या, अगदी तेच. स्विस फ्रेंचमध्ये ७० ला 'सेप्टांत' आणि ९० ला 'नोनांत' असे सरळ शब्द आहेत. ८० ला व्हो, वाले आणि फ्रिबूरमध्ये 'विटांत' म्हणतात, जिनिव्हात मात्र 'चार-वीस'च चालतं. (जर्मनमध्ये आपल्यासारखंच एकं आधी, दहं नंतर: पाच-आणि-वीस, म्हणजे पंचवीस. मराठी मुलांना हे पटकन जमतं.)

पण शे-दोनशे वर्षांपूर्वी इथले सामान्य लोक फ्रेंच बोलतच नव्हते. ते फ्रँको-प्रोव्हाँसाल कुळातल्या बोली बोलत, फक्त ज्युराकडची बोली वेगळ्या कुळातली होती. या बोलींना सगळे 'पात्वा' म्हणत, आणि त्या शब्दात तुच्छता होती. व्हो कँटनने १८०६ मध्ये शाळेत पात्वा बोलायला बंदी घातली. फ्रिबूरनेही एकोणिसाव्या शतकातच तोच मार्ग धरला. आईवडिलांनी मुलांच्या भल्यासाठी घरातही फ्रेंच सुरू केली. दोन-तीन पिढ्यांत बोली संपली. वाले कँटनमधल्या एवोलेन गावात ती अलीकडेपर्यंत मुलांच्या तोंडी होती, म्हणून अभ्यासक तिकडे धाव घेतात.

१६०२ मध्ये शेजारच्या सव्हॉय राज्याच्या सैन्याने रात्री शिड्या लावून जिनिव्हाच्या तटावर चढण्याचा प्रयत्न केला आणि तो फसला. त्या विजयाचं जे गीत जिनिव्हा कँटनचं अधिकृत गीत आहे, ते पात्वात आहे. दर डिसेंबरला शहर ते उभं राहून गातं. ज्या भाषेत ते गातात, ती भाषा तिथे आता कुणी बोलत नाही.

इटालियन भाग?

तिचिनो कँटन आणि ग्राउब्युंडेनची चार खोरी: मेसोल्चिना, कालांका, ब्रेगाल्या, पोस्कियाव्हो. प्रमाण इटालियन शाळेत आणि कामात. घरी आणि म्हाताऱ्या माणसांत लोंबार्ड बोली, मिलानकडच्या बोलीची बहीण. ती जर्मन भागाइतकी जोरात नाही, पण फ्रेंच भागासारखी मेलेलीही नाही.

रोमांश म्हणजे नेमकं काय? रोमानियाची भाषा का?

रोमानियाशी संबंध इतकाच, की दोन्ही लॅटिनच्या लेकी. इसवी सनापूर्वी १५ मध्ये रोमनांनी आल्प्समधला रेशिया प्रदेश जिंकला. सैनिकांची आणि कारकुनांची लॅटिन तिथल्या लोकांच्या जिभेवर रुळली, त्यातून रोमांश घडली. ग्राउब्युंडेनची राजधानी कूर एकेकाळी रोमांशची होती. १४६४ च्या आगीत शहर जळालं, पुन्हा बांधायला जर्मन बोलणारे कारागीर आले आणि कूर जर्मन झालं. तेव्हापासून या भाषेला शहर नाही, फक्त खोरी आहेत. मुख्य भाषा म्हणून सांगणारे साधारण ४० हजार, आणि त्यांतल्या प्रत्येकाला जर्मन येतेच.

तरीही तिचं लेखन जुनं आहे. पहिलं छापील पुस्तक १५५२ चं, याखियाम बिफ्रुन यांनी केलेलं. १५६० मध्ये त्यांनीच बायबलमधल्या नव्या कराराचं भाषांतर छापलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतले काही लोक म्हणू लागले, की रोमांश ही इटालियनचीच बोली आहे, म्हणून तो प्रदेश आमचा. कवी पायदर लान्झेल यांनी घोषणा दिली: ना इटालियन, ना जर्मन, आम्ही रोमांशच राहणार. १९१९ मध्ये 'लिआ रुमांचा' ही संस्था उभी राहिली. २० फेब्रुवारी १९३८ ला सगळ्या देशाने मतदान करून रोमांशला चौथी राष्ट्रभाषा केलं. ९० टक्क्यांहून जास्त लोकांनी होकार दिला, आणि त्यातल्या बहुतेकांना रोमांशचा शब्दही येत नव्हता. हा निकाल मी जेव्हा जेव्हा सांगते तेव्हा अंगावर काटा येतो. १९९६ मध्ये आणखी एक मतदान झालं आणि रोमांश भाषकांशी व्यवहार करताना संघराज्य रोमांशही वापरेल, असं ठरलं.

आता खरी अडचण. रोमांश एक नाही, पाच आहेत: सुरसिल्वान, सुतसिल्वान, सुरमिरान, पुतेर आणि वालादेर. पाचींना आपापलं लेखन आणि आपापली शाळेची पुस्तकं. 'मी' या एका शब्दाला सुरसिल्वानमध्ये 'येउ', वालादेरमध्ये 'एउ'. एवढ्याशा लोकसंख्येसाठी पाच-पाच पुस्तकं छापायची कशी? म्हणून १९८२ मध्ये झ्युरिकचे भाषाशास्त्रज्ञ हाइनरिख श्मिड यांनी एक मधली लेखनभाषा आखली, 'रुमांच ग्रिशून'. सुरसिल्वान, वालादेर आणि सुरमिरान या तीन बोलींत ज्या रूपाला बहुमत, ते घ्यायचं. तिच्यात 'मी' झाला 'याउ'.

कागदावर हे अतिशय सुंदर आहे. सरकारी कागदपत्रांसाठी ती चाललीही. पण २००३ मध्ये कँटनच्या विधिमंडळाने यापुढे शाळेची नवी पुस्तकं याच भाषेत निघतील असं ठरवलं आणि काही वर्षांत वर्गात ती शिकवायला सुरुवात झाली, तेव्हा आईवडील खवळले. आमची मुलं आजीची भाषा विसरून कुणाचीच नसलेली भाषा शिकतील, हे त्यांचं म्हणणं. २०११ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला आणि बहुतेक गावं आपल्या बोलीकडे परतली. गोव्यात कोकणीचं प्रमाण रूप ठरवताना अंत्रुजी, बारदेसी आणि साष्टी यांच्यावरून झालेली बोलणी ज्यांनी ऐकली आहेत, त्यांना हा वाद परका वाटणार नाही.

मला दोन्ही बाजू समजतात. पण मत विचारलंत तर मी आजीच्या बाजूची. सरकारी फॉर्म मधल्या भाषेत असो, पहिलीचं पुस्तक घरच्या बोलीतच हवं.

भाषेवरून भांडणं झाली नाहीत का?

झाली. सगळ्यांत मोठं ज्युराचं. १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेनंतर ज्युराचा फ्रेंच, बहुतांश कॅथलिक प्रदेश जर्मन, प्रोटेस्टंट बर्नला जोडला गेला. दुसऱ्या महायुद्धानंतर वेगळ्या कँटनची चळवळ पेटली. १९७८ मध्ये देशभर मतदान झालं आणि १ जानेवारी १९७९ ला ज्युरा कँटन जन्माला आला. पण दक्षिणेकडची फ्रेंच बोलणारी प्रोटेस्टंट गावं बर्नमध्येच राहिली, म्हणजे धर्मही भाषेइतकाच बोलत होता. मुतिए हे गाव मध्ये अडकलं. २०१७ चं मतदान गैरप्रकारांमुळे रद्द झालं, २०२१ मध्ये पुन्हा घेतलं आणि १ जानेवारी २०२६ ला मुतिए ज्युरात गेलं. मराठी माणसाला इथे बेळगाव आठवतंच. फरक हा, की इथे गावालाच विचारलं गेलं.

रोजच्या राजकारणातली दरी 'रोश्टीग्राबेन' म्हणून ओळखली जाते. रोश्टी म्हणजे बटाट्याच्या किसाचं धिरडं, जर्मन भागाचं खाणं. ग्राबेन म्हणजे खंदक. ६ डिसेंबर १९९२ ला युरोपीय आर्थिक क्षेत्रात (युरोपच्या सामायिक बाजारपेठेत) जायचं का, यावर मतदान झालं. फ्रेंच भागाने भरभरून होकार दिला, जर्मन भागाने नकार, आणि प्रस्ताव अगदी थोडक्यात पडला. तो दिवस फ्रेंच भागातले लोक अजून विसरलेले नाहीत.

नागरिकत्वासाठी किती भाषा लागते?

२०१८ पासून एखाद्या राष्ट्रभाषेत बोलण्याची बी-वन आणि लिहिण्याची ए-टू, म्हणजे त्याखालची पातळी. कँटन आणि गाव याहून जास्त मागू शकतात. बोलीची परीक्षा नसते. गावच्या मुलाखतीत मंडळी बोलीत बोलू लागली आणि तुम्हाला समजलं, तर वातावरण लगेच मोकळं होतं.

घरी मराठी बोलली तर मुलं जर्मनमध्ये मागे पडतील का?

नाही, निर्धास्त बोला. आमच्याकडे मुलीला बालवाडीत घातलं तेव्हा तिला जर्मनचा एक शब्द येत नव्हता. झ्युरिकच्या मतदारांनी २०११ मध्ये बालवाडीत बोलीच वापरायची असं ठरवलेलं असल्यामुळे ती आधी बोली शिकली, मग पहिलीत प्रमाण जर्मन. आज ती मैत्रिणींशी बोलीत भांडते, निबंध प्रमाण जर्मनमध्ये लिहिते आणि माझ्याशी मराठी बोलते. मूल तीन भाषा सहज सांभाळतं, आईबापांनी धीर सोडला तरच एक गळते.

आणि घरात बोली असेल तर बोलीच बोला. मी दोन वर्षांपूर्वी मुलीशी मालवणी सुरू केली. चुकत चुकत, आईला फोन करून शब्द विचारत.

फिरायला येतोय. काय म्हणायचं?

झ्युरिक, लुझर्नकडे 'ग्रुएत्सी'. बर्न आणि इंटरलाकेनकडे 'ग्रुएसेख'. जिनिव्हात 'बोंजूर', लुगानोत 'बोंजोर्नो'. आणि रोमांश बोलणाऱ्या एंगाडीनच्या खोऱ्यात, सेंट मोरित्झच्या पलीकडच्या एखाद्या लहान गावात, म्हातारी बाई बाकावर बसलेली दिसली तर 'अलेग्रा' म्हणा. ती नक्की थांबवून विचारेल, की तुम्ही कुठले.